पाटाचं पाणी आणि माझं इंजिन

इंजिन मी आणलं. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात अजून म्हणतात, "आबांनी इंजिन आणलं." आबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी होकार दिला, गाडी जुंपली आणि इंजिन उतरवताना सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, एवढं खरं. पण डोकं माझं होतं, आणि पाटल्याही माझ्याच. दुसऱ्याचं श्रेय मी घेत नाही, पण माझं कुणाला देतही नाही.

माझं माहेर जळगावला, मेहरूण तलावाच्या अंगाला. वडील कापसाच्या जिनात इंजिनावर कामाला होते. त्यांचा डबा घेऊन आई मला पाठवायची तेव्हा मी डबा ठेवून तिथंच उभी राहायची. कपड्यांना तेलाचा वास घेऊन घरी आले की आई ओरडायची, "अगं, पोरीची जात, काय गं बघतेस त्या धुडात?" काय बघते ते मला सांगता यायचं नाही. पण कोणता आवाज बरा आणि कोणता बिघाडाचा, हे मला बाराव्या वर्षी कळत होतं.

लग्न होऊन आले ती धुळ्याकडे, पांझरेच्या काठी. आमच्या गावाचा नदीवर दगडी बंधारा आहे. कुणी बांधला विचारलं, तर जो तो आपल्या पणजोबाच्या पणजोबावर ढकलून मोकळा होतो. बंधाऱ्यामागं मोठा डोह, डोहातून निघालेला पाट आणि पाटाखाली फड. फड म्हणजे सगळ्या गावाच्या शेतांचा एक सलग पट्टा. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ऊस ठरला की सगळ्यांचा ऊस. तिथं कुणी शहाणपणा करून हरभरा पेरला तर गाव त्याला वेड्यात काढतं.

आणि एक रिवाज फार जुना. पाण्याला मालकानं हात लावायचा नाही. पाणी द्यायचं ते पाटकऱ्यानं. तो पाटावर दिवसभर फिरणार, एकेक वाफा भिजवत वरच्या शेतापासून शेवटच्या शेतापर्यंत जाणार. मालक घरी बसला तरी चालेल, उलट त्यानं घरीच बसावं. पीक निघालं की प्रत्येक घरातून पाटकऱ्याला दाण्याचा वाटा आणि गुळाची ढेप.

मला हे कोण सांगणार? माहेरी मोट चालू असली की घरच्या बायका फावड्यानं वाफ्यांची दारं धरायच्या. सासरी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आमचा ऊस कोमेजलेला दिसला. मी पदर खोचला, फावडं घेतलं आणि पाटाचं तोंड फोडायला निघाले. फावडं मारणार तेवढ्यात मागून आवाज आला, "वैनी, पानीले हात लावू नका."

ते नाना. गावाचे पाटकरी. साठीला टेकलेला, काटकुळा माणूस. उन्हात डोकं थंड राहावं म्हणून पागोटं भिजवूनच बांधायचे, त्यामुळं मानेवरून सदैव पाण्याचे ओघळ. हातात खुणा पाडलेला बांबू, डोहाचं पाणी मोजायला. मी म्हटलं, "नाना, माझा ऊस वाळतोय!" ते म्हणाले, "तुमना ऊस परवा भिजी. आज शेवटना वाफा शे." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं, बांधावर टेकवून ठेवलं आणि चालू लागले. माझ्या नाकाला असल्या मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! पण परवा बरोबर ऊस भिजला.

आता इंजिनाचं. फडाच्या वर आमचा एक माळ होता. पाटाचं पाणी काही चढ चढत नाही, म्हणून तिथं नुसती बाजरी, तीही पावसाच्या मनात आलं तर. माळाच्या पायथ्याशी, डोहापासून हाकेच्या अंतरावर, आमची विहीर होती. कधी न आटणारी. एक मोट त्यातून काय उपसणार? बैल थकायचे, पाणी जिथल्या तिथं. मी रोज ते पाणी बघायची आणि मला वडिलांचं इंजिन आठवायचं.

मी आबांपुढं विषय काढला तेव्हा आमचे हे, म्हणजे माझे मालक, उठून गोठ्यात गेले. भारी शांत माणूस. वाद दिसला की त्यांना गुरांची आठवण यायची. आबा मात्र ऐकत बसले. मी सांगितलं, या माळावर केळी होईल, माझ्या माहेरी होते तशी. आबा म्हणाले, "बाई, इंजिन बिघडलं तर?" म्हटलं, "मी आहे." ते हसले. मग म्हणाले, "पैका?" मी हातातल्या पाटल्या काढून त्यांच्यापुढं ठेवल्या. आबांनी त्या उचलून पुन्हा माझ्या हातात दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मला घेऊन धुळ्याच्या सराफाकडं गेले. येताना वाटेत एवढंच म्हणाले, "सुनेचं सोनं माझ्या शब्दावर मोडलं. माळ हिरवा झालाच पाहिजे."

इंजिन धुळ्याच्या स्टेशनवर उतरलं आणि दोन बैलजोड्या लावून गावात आलं. बसवायला माझे वडील आले. सुरू झालं तेव्हा निम्मं गाव विहिरीवर होतं. पंपाच्या तोंडातून पाण्याचा असा लोट सुटला की पुढं उभे असलेले दोन म्हातारे ढोपरापर्यंत भिजले, आणि आबा धोतर सावरत सगळ्यांना मागं हटवायला लागले. मी माजघरात थांबावं अशी सगळ्यांची इच्छा होती. मी इंजिनापाशी होते.

वर्षभरात माळावर केळी उभी राहिली. रोपं माहेरून आणली, खड्डे मी सांगितले तसे पाडले. दोंडाईच्याचा एक व्यापारी भुईमूग बघायला आला होता, तो केळी बघून अर्धा तास माळावर फिरला आणि घरी येऊन म्हणाला, "ही जागा तर बाजरीची होती ना?" मी दारामागून म्हटलं, "होती!" असा गर्व झाला होता मला, काय सांगू. आणि का होऊ नये? माळ हिरवा मीच केला होता.

दुसऱ्या वर्षी चैत्रात बोंब झाली. फडातल्या शेवटच्या शेतांपर्यंत पाणी पोचेना. आमचा ऊस पाटाच्या तोंडाशी, तो मजेत होता. शेवटच्या सात-आठ घरांचा ऊस मात्र पिवळा पडायला लागला. पाण्याची एक पाळी चुकली, लोक गप्प बसले. दुसरी पाळी अर्धीच पोचली, आणि लोक नानांवर उखडले.

आमच्या रिवाजाची हीच तर गंमत. मालकानं पाण्याला हात लावायचा नाही, म्हणजे मालकाला पाण्यातलं काही कळतही नाही. किती आलं, कुठं मुरलं, डोह किती उतरला, कुणाला पत्ता नाही. पाणी पोचलं तर देवाची कृपा. नाही पोचलं तर पाटकरी चोर! दुसरं नावच नसतं घ्यायला. कुणी म्हणालं, म्हातारा झोपतो. कुणी म्हणालं, वरच्या घरांकडून गूळ खाऊन त्यांनाच जास्त सोडतो. मीही म्हटलं. हो, मीही. शेजारणीला म्हटलं, "वय झालं आता नानांचं, दुसरा बघायला हवा." माझी जीभ तेव्हाही अशीच चालायची.

पंचांनी नानांना बोलावलं आणि बजावलं, तिसरी पाळी चुकली तर काठी, म्हणजे तो मोजायचा बांबू, खाली ठेवायची. वर्षाचा वाटाही मिळणार नाही. नानांना जमीन नव्हती. काठी गेली तर त्यांच्या घरी चूल कशावर पेटणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पंचांत आबा पहिले. नाना खाली मान घालून ऐकत होते, असं ह्यांनी घरी येऊन सांगितलं.

त्याच आठवड्यात इंजिनाचा पट्टा तुटला. तसला चामडी पट्टा धुळ्यात मिळेना, जळगावला वडिलांकडं निरोप धाडला. चार दिवस इंजिन बंद. आणि त्या चार दिवसांत काय व्हावं? पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत गेलं! गावात आनंदीआनंद. "बघा," लोक म्हणाले, "दम दिला तेव्हा कसं बरोबर पोचवलं! म्हणजे आधी चोरतच होता." पाणी आलं हाच नानांच्या चोरीचा पुरावा झाला. पंचांनी ठरवलं, असला माणूस पाटावर नको. पुढच्या आठवड्यात मारुतीच्या वारी, शनिवारी, पारावर बसून काठी काढून घ्यायची.

मला तोवर काहीच कळलं नव्हतं. कळलं ते डोहावर धुणं धुताना.

आम्ही बायका डोहावर एका चपट्या दगडावर धुणं आपटायचो. त्या उन्हाळ्यात तो दगड कोरडा पडला होता, चार पावलं चिखलात जाऊन वाकावं लागायचं आणि कंबरेचे टाके ढिले व्हायचे. पट्टा तुटल्यावर तिसऱ्या दिवशी मी गेले तर दगड पाण्यात! शेजारीण म्हणाली, "बरं झालं बाई, डोह भरला." मी पण म्हटलं, बरं झालं. पट्टा आला, इंजिन चालू झालं. दोन दिवसांनी धुणं घेऊन गेले, तर दगड पुन्हा कोरडा.

मी तिथंच बसले. हातातलं लुगडं हातात. वर विहिरीवर इंजिन चालल्याचा आवाज येत होता, एकसारखा, निरोगी. असला गोड आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकवेना.

तरी मी स्वतःशी भांडले. म्हटलं, विहीर आमची, डोह नदीचा. मधे एवढी जमीन. पण खाली सगळी वाळू आणि गोटे, हे इंजिनासाठी विहीर खोल करताना मीच बघितलं होतं. मोट जेवढं काढायची तेवढं आपसूक भरून यायचं. इंजिन भरूच देत नव्हतं. मग ते भरून येणारं पाणी कुठलं? एवढं कळायला काही शाळा लागत नाही. खात्री करायची म्हणून इंजिनाची तेलाची टाकी धुवायला काढली आणि दोन दिवस इंजिन बंद ठेवलं. दगड बुडाला. पुन्हा चालू केलं. दगड उघडा.

ह्यांना सांगितलं. त्यांनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाले, "कुणाला ठाऊक आहे?" म्हटलं, "मला." म्हणाले, "मग राहू दे." आणि उठले. गोठा होताच.

शुक्रवारचा सगळा दिवस मी नुसती चिडचिडले. भाजीत दोनदा मीठ घातलं. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटत होती. बोलले की इंजिन जाणार. पाटल्या गेल्याच होत्या, माळही जाणार, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे घरातला माझा शब्द जाणार. पुन्हा कधी काही सुचवलं तर म्हणतील, बस गं, एकदा बघितलं तुझं शहाणपण. आणि न बोलले तर एका म्हाताऱ्याच्या तोंडचा घास जाणार, तोही चोर म्हणवून. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आले. आता माझ्यावरच पाळी आली.

शनिवारी सकाळी पारावर गाव जमलं. बायका देवळाच्या कडेला, पदर डोळ्यांपर्यंत. आबा पंचांच्या मधोमध बसलेले. नाना समोर उभे, पागोटं भिजवलेलं, बांबू दोन्ही हातांत आडवा धरलेला. एक पंच म्हणाला, "नाना, काठी ठेवा." नाना वाकायला लागले.

"थांबा!" मी म्हटलं.

सगळ्या माना वळल्या. सून पारावर बोलते, हेच आधी कुणाला पचेना. सासूबाईंनी मागून माझा पदर ओढला. मी सोडवून घेतला. म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला सुळी कशाला देता? पाणी नानांनी नाही नेलं. माझ्या इंजिनानं नेलं."

कुणीतरी हसलं. मग मी सगळं सांगितलं, दगड, पट्टा, टाकी, दिवसांसकट. म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. बायकांना विचारा, दगड कधी बुडाला आणि कधी उघडा पडला. रोज कंबर त्यांचीच मोडते." शेजारीण पदराआडून म्हणाली, "खरं शे, खरं शे." मग बायका एकदम बोलायला लागल्या, आणि पुरुषांची तोंडं बघण्यासारखी झाली. सगळं गाव रिवाजाच्या नावानं घरात बसलं होतं, आणि पाणी रोज बघत होत्या त्या बायका. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटच्या शेतवाल्यांपैकी एक जण नानांवरच चिडला. "तुम्ही रोज डोह मोजता. तुम्हाले समजनं नही?"

नाना म्हणाले, "समजनं व्हतं."

"मंग सांगं का नही?"

नानांनी बांबू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. माझ्याकडं बघितलं, मग खाली. "आबासले सांगेल व्हतं. दोन डाव."

आबांना सांगितलं होतं, तेही दोनदा! मला वाटलं माझ्या कानांची चूक झाली. मी आबांकडं बघितलं. आबा नाकारतील, रागावतील, काहीतरी म्हणतील. त्यांनी मान वर केली नाही. "पंचमा आबाच शेतस," नाना हळूच म्हणाले, कैफियत मांडल्यासारखं नव्हे, नुसतं उत्तर म्हणून. "मंग कोनले सांगू?"

आबा उठले. पागोटं काढून हातात घेतलं आणि नानांपुढं जाऊन उभे राहिले. "नाना, चूक माझी," म्हणाले. गावासमोर, मोठ्यानं. मग पंचांना म्हणाले, "माझ्या जागी दुसरा बघा." आणि पारावरून उतरून खाली, सगळ्यांच्यात बसले.

पुढचं सगळं नीट झालं, ते सांगून टाकते. नाना पाटावर राहिले. त्या उन्हाळ्यात इंजिन बंद, फडाचा ऊस वाचला, माझी अर्धी केळी गेली. मी रडले नाही. मी पाण्याचा माग काढला. फडाला दिलेलं पाणी मुरतं, ते जातं कुठं? नानांनी मला शेवटच्या फडाच्या खालची ओल दाखवली, जिथं भर उन्हाळ्यात लव्हाळं हिरवं असायचं. तिथं दुसऱ्या वर्षी विहीर काढली, इंजिन तिकडं नेलं, आणि फडानं सोडलेलं पाणी उचलून खालच्या पडीक जमिनीवर घातलं. त्यात शेवटच्या घरांनाही भागीदारी दिली. पुढं महायुद्धात तेल मिळेना तेव्हा इंजिन दोन वर्षं झाकून पडलं, तरी नंतर चाललंच. आसपासच्या गावांतून लोक बघायला यायचे. इंजिन वाईट असतं असं मला कुणी सांगू नये. कुठं लावायचं हे बघावं लागतं, एवढंच.

पण त्या शनिवारचं राहिलं. पारावरून आम्ही घरी निघालो. ह्यांनी सासूबाईंना घेऊन पुढं झपाट्यानं पावलं टाकली. मी आणि आबा मागं. माझ्यासाठीच त्यांनी ते केलं होतं. माझ्या पाटल्यांसाठी, त्यांनी दिलेल्या शब्दासाठी. आणि मी भर गावात त्यांचं पागोटं उतरवलं होतं.

वाटेतल्या पिंपळापाशी आबा थांबले. म्हणाले, "बाई, नानांनी मला सांगितलेलं, हे तुला माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं, आबा."

"माहीत असतं तर बोलली असतीस?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्यांना काय ऐकायचं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. घरात निदान एक माणूस तरी असं आहे, जे कुणाचीही भीड न धरता बोललं असतं.

"बोलले असते," मी म्हटलं.

"मग बरं," आबा म्हणाले, आणि त्यांचं पाऊल हलकं झालं.

मी त्यांच्या मागून चालत राहिले. आबांशी मी एकदाच खोटं बोलले, ते तेव्हा.